हृदयाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर किडनी कशी जपायची: घरच्यांसाठी क्रमवार माहिती

बायपास ठरली की घरचे तीन प्रश्न विचारतात: ब्लॉकेज किती, खर्च किती, आयसीयूत किती दिवस. चौथा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं, आणि तो खरं तर आधी विचारायला हवा. किडनी कशी आहे, आणि ऑपरेशनमध्ये ती बिघडू नये म्हणून आतापासून काय करता येईल?

हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या साधारण चार-पाच जणांमागे एकाच्या किडनीला कमी-अधिक मार बसतो. बहुतेकांचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; किडनी मंदावली की तो वाढतो) दोन-चार दिवस वर जातं आणि खाली येतं. शंभरात दोन-चार जणांना मात्र डायलिसिस लागतं. ज्यांना ते लागतं त्यांचा आयसीयूतला मुक्काम लांबतो, जंतुसंसर्ग वाढतो आणि जिवाचा धोका कित्येक पटींनी वर जातो. एकदा किडनी पूर्ण बसली की ती पटकन सावरणारं औषध आजही नाही. म्हणून सगळा भर आधीच्या तयारीवर.

केईएम असो, नायर, सायन, जेजे किंवा उपनगरातलं खाजगी हॉस्पिटल, खालच्या पायऱ्या सगळीकडे लागू पडतात. एकच अट: कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद किंवा सुरू करायचं नाही. हे वाचून प्रश्न काढायचे आणि ते डॉक्टरांसमोर ठेवायचे.

आधी हे समजून घ्या: ऑपरेशन हृदयाचं, मग मार किडनीला का?

हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. त्यातलं एक लिटर किंवा थोडं जास्त एकट्या दोन किडन्यांना जातं. इतकं रक्त मिळूनही किडनीचा आतला भाग कायम ऑक्सिजनच्या टंचाईत जगतो. चाळीतल्या शेवटच्या खोलीच्या नळासारखं आहे हे. प्रेशर ठीक असेल तोवर धार येते, जरा कमी झालं की पहिला कोरडा पडतो तो तोच नळ.

ऑपरेशनमध्ये हे प्रेशर अनेक बाजूंनी कमी होतं. ऑपरेशनदरम्यान हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या आधी एक ते दीड लिटर द्रवाने भराव्या लागतात, त्यामुळे रक्त पातळ होतं आणि ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन घटतं. पंप आणि सक्शनमधून जाताना लाल पेशी फुटतात, त्यातून सुटलेलं हिमोग्लोबिन किडनीच्या बारीक नलिकांना बाधतं. हृदयातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीला, महाधमनीला, क्लॅम्प (चिमटा) लावताना-काढताना कठीण झालेल्या भिंतीचे कण सुटून किडनीपर्यंत जाऊ शकतात. मशीनवरचा वेळ दोन तासांच्या पुढे गेला की धोका ठळकपणे वाढतो. आणि ऑपरेशननंतर हृदय थकलेलं असेल तर पुढून रक्त कमी येतं, मागून शिरांमध्ये दाब तुंबतो. किडनी दोन्हीकडून अडकते.

मशीन न वापरता, धडधडत्या हृदयावर केलेली बायपास आपल्याकडे बरीच होते. तिच्यात सुरुवातीच्या दिवसांत किडनीला होणारी इजा थोडी कमी दिसते. पण मोठ्या तुलनेत वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या किडनीत फरक उरला नव्हता. म्हणून केवळ किडनीसाठी सर्जनवर तसं करण्याचा दबाव आणू नका. कोणत्या रक्तवाहिन्या कशा आहेत हे पाहून त्यांना ठरवू द्या.

पायरी १: जुने क्रिएटिनिन शोधा आणि एका कागदावर लिहा

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. किडनीला इजा झाली की नाही हे ऑपरेशननंतरच्या आकड्यावरून ठरत नाही, आधीच्या आकड्याशी केलेल्या तुलनेवरून ठरतं. आणि नेमका तो आधीचा आकडाच फाइलमध्ये सापडत नाही. कारण रिपोर्ट तीन वेगवेगळ्या लॅबचे, एक मोबाइलमध्ये, एक कपाटात, एक गावी.

गेल्या दोन वर्षांतले सगळे रिपोर्ट काढा: शुगरच्या तपासणीचे, विम्याच्या मेडिकलचे, दातांच्या किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचे. त्यातली सीरम क्रिएटिनिनची ओळ शोधा आणि तारखेसह उतरवा. कागद असा दिसायला हवा:

मार्च, गेल्या वर्षी: ०.९
ऑक्टोबर, गेल्या वर्षी: १.०
अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी: १.१
अँजिओग्राफीनंतर तिसऱ्या दिवशी: १.४

चार ओळींत गोष्ट कळते. शेवटचा १.४ एकटाच फाइलमध्ये असता तर तोच या माणसाचा नेहमीचा आकडा समजला गेला असता. आता कोणताही डॉक्टर म्हणेल की किडनी आत्ताच दुखावली आहे, जमत असेल तर थांबू. कागदाच्या वर वजन, उंची, ॲलर्जी आणि चालू गोळ्यांची नावं मात्रेसह लिहा. त्याच्या दोन प्रती काढा, एक फाइलला आणि एक घरच्यांच्या खिशात.

पायरी २: "नॉर्मल" या शब्दावर विसंबू नका

लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनची कक्षा छापलेली असते आणि आकडा तिच्यात बसला की लाल खूण येत नाही. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. अंगकाठी बारीक, वय जास्त, त्यात बाई असेल तर क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं. मग तेवढाच आकडा वेगळं सांगतो. ३८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर किडनी गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, ७९ च्या आसपास निघतो. तेच १.२ हे ६८ वर्षांच्या बाईचं असेल तर ईजीएफआर ४९. पहिल्याची किडनी ठीकठाक चाललीय, दुसरीची जवळपास निम्मी. ईजीएफआर हल्ली बहुतेक लॅब स्वतःच छापतात, नसेल तर मागून घ्या. ६० च्या खाली असेल तर सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तोंडी सांगा, फाइलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका.

दुसरी तपासणी लघवीची: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. सकाळच्या लघवीचा छोटा नमुना पुरतो. प्रथिनं झिरपत असतील तर क्रिएटिनिन अजून बरं असतानाही किडनी आतून कमजोर आहे असा अर्थ होतो. मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा असेल तर ही तपासणी टाळूच नका. तिच्यासाठी लागणारे पैसे आणि वेळ आयसीयूच्या एका दिवसापुढे काहीच नाहीत.

पायरी ३: आपला धोका मोजा

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २००५ साली मांडलेली गुणांची पद्धत डॉक्टर अजून वापरतात. ऑपरेशननंतर डायलिसिस लागण्याची शक्यता तिच्यातून कळते. घरीही मोजता येते.

प्रत्येकी एक गुण: रुग्ण स्त्री असणं, आधीपासून हार्ट फेल्युअर, हृदयाचं पंपिंग म्हणजे ईएफ ३५ टक्क्यांच्या खाली, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), इन्सुलिनवर असलेला मधुमेह, पूर्वी झालेलं हृदयाचं ऑपरेशन, फक्त झडपेचं ऑपरेशन. प्रत्येकी दोन गुण: ऑपरेशनआधीच बलून पंप (कमजोर हृदयाला आधार देणारं यंत्र) लागलेला असणं, तातडीचं ऑपरेशन, बायपास आणि झडप एकत्र, या दोन्हींखेरीज हृदयाचं इतर ऑपरेशन. क्रिएटिनिन १.२ ते २.१ च्या दरम्यान असेल तर दोन, २.१ किंवा वर असेल तर थेट पाच.

उदाहरण घेऊ. ६६ वर्षांच्या बाई, इन्सुलिन चालू, ईएफ ४०, क्रिएटिनिन १.३, बायपाससोबत झडपही बदलायची, ऑपरेशन ठरवून. स्त्री १, इन्सुलिन १, एकत्र ऑपरेशन २, क्रिएटिनिन २. एकूण ६. शून्य ते दोन गुणांच्या गटात शंभरात एकालाही डायलिसिस लागत नाही. सहा ते आठच्या गटात शंभरात साधारण आठ-दहा जणांना लागतं, आणि नऊ किंवा त्याच्या वर गेलं की वीसच्या पुढे.

या मोजणीत काय नाही तेही लक्षात ठेवा. वय नाही, हिमोग्लोबिन नाही, लघवीतली प्रथिनं नाहीत, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार नाही. हे चारही धोका वाढवतात. गुण कमी आले म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि जास्त आले म्हणून ऑपरेशन नाकारू नका. गुण जास्त असतील तर ऑपरेशनआधीच किडनीच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, एवढाच त्याचा उपयोग.

पायरी ४: अँजिओग्राफी आणि ऑपरेशन यांच्यातलं अंतर

अँजिओग्राफीतला डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचलेलं औषध) किडनीतूनच बाहेर पडतो. निरोगी किडनीला तो बहुधा बाधत नाही. ईजीएफआर कमी, त्यात मधुमेह, त्यात शरीरात पाणी कमी, अशा माणसाला बाधू शकतो, आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. क्रिएटिनिन दोन दिवसांत वर सरकायला लागतं आणि तीन ते पाच दिवसांत शिखर गाठतं. त्याच रात्री काढलेला रिपोर्ट चांगला आला याचा म्हणून काही अर्थ नाही.

काय करायचं: अँजिओग्राफीनंतर ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन काढा. ते वर गेलं असेल आणि हृदयाची परवानगी असेल तर खाली येईपर्यंत थांबण्याबद्दल विचारा. ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये हे चार-सहा दिवस नक्की परवडतात. छातीत दुखणं थांबत नाही, किंवा मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा आहे, अशा वेळी थांबण्यातच जास्त धोका असतो. तेव्हा "किडनीसाठी थांबा" म्हणू नका.

आणखी एक. एका ठिकाणी अँजिओग्राफी झाली, मग दुसऱ्या मतासाठी दुसरीकडे गेलात, तिथे पुन्हा करायची भाषा झाली किंवा डायचा सीटी सांगितला, तर पहिल्या अँजिओग्राफीची सीडी पुढे करा आणि तारीख सांगा. आठवड्यात दोनदा डाय टाळता येत असेल तर टाळायलाच हवा.

पायरी ५: औषधांची पिशवी उलटी करा

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून प्री-ऑपरेटिव्ह तपासणीला न्या. सगळी म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा.

सगळ्यात जास्त नुकसान करतात त्या दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड, नॅप्रोक्सेन. गुडघे दुखतात म्हणून रोज एक, अशी सवय मुंबईतल्या किती तरी आजी-आजोबांना आहे, आणि "कोणती औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला ती गोळी सांगितलीच जात नाही, कारण ती घरात औषध म्हणून धरलेलीच नसते. किडनीकडे रक्त कमी यायला लागलं की किडनी आत येणारी वाहिनी रुंद करून स्वतःला वाचवते. या गोळ्या नेमकी तीच सोय बंद पाडतात. पॅरासिटॅमॉलबरोबर जोडून येणाऱ्या गोळ्यांमध्येही त्या लपलेल्या असतात, म्हणून पट्टीवरचं बारीक नाव वाचा. बायपासच्या आगेमागे या गोळ्या देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यांच्या लेबलवरच छापायला लावला आहे. दुखण्यासाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. बहुधा साधं पॅरासिटॅमॉल सांगतील. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची छोटी गोळी हे वेगळं प्रकरण आहे, ती आपल्या मनाने सोडायची नाही.

रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या एरवी किडनीच्या मित्र. पण ऑपरेशनच्या दिवशी भूल दिल्यावर दाब फार खाली नेऊ शकतात. शेवटची गोळी कधी घ्यायची आणि ऑपरेशननंतर पुन्हा कधी सुरू करायची, दोन्ही विचारून लिहून घ्या. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, आणि महिनाभर गोळी बंदच राहते.

मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायच्या असतात. कारण उपाशीपोटी आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तात आम्ल साचू शकतं, तेही शुगर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे ते चटकन लक्षात येत नाही. ऑपरेशनची तारीख अचानक पुढे-मागे झाली तर ही गोष्ट आधी आठवा. मेटफॉर्मिनबद्दलही तारखेनिशी विचारा.

भस्म, मात्रा, काढे, "किडनी साफ" करणारे चूर्ण. घरच्यांना ते सांगायला संकोच वाटतो, कारण डॉक्टर रागावतील. सांगा. काही भस्मांत जड धातू असू शकतात, काही वनस्पती थेट किडनीला बाधतात, आणि पाकिटावर सगळं लिहिलेलं नसतं. ऑपरेशन ठरल्या दिवसापासून हे सगळं बंद.

बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ ठेवणारी गोळी) आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र "ऑपरेशन आहे म्हणून" सोडू नका.

पायरी ६: मधल्या दिवसांत

हिमोग्लोबिन कमी असेल आणि ऑपरेशनला दोन-चार आठवडे असतील तर ते वाढवण्याचा हा उत्तम काळ. लोह कमी आहे का ते तपासून घ्या. गरज पडली तर शिरेतून आयर्न देता येतं आणि ते गोळ्यांपेक्षा लवकर काम करतं. मशीनवर रक्त पातळ होणारच आहे. ११ वरून सुरुवात केलेला माणूस ८ वर येईल, ९ वरून केलेला ६ च्या घरात, आणि मग बाहेरचं रक्त द्यावं लागेल. तेही किडनीला फुकट पडत नाही.

"भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल" हा सल्ला हृदयाच्या रुग्णाला सरसकट देऊ नका. ईएफ कमी असलेल्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. जास्त झालं तर ते फुप्फुसात साचतं आणि शिरांतला दाब किडनीला गुदमरवतो. उलट ऑक्टोबरच्या उकाड्यात, लोकलच्या गर्दीतून तपासण्यांसाठी फिरताना, लघवी लागेल या भीतीने पाणीच न पिणारेही असतात. दिवसाला किती, हे कार्डिऑलॉजिस्टकडून मिलीलिटरमध्ये घ्या आणि तेवढ्याच मापाची बाटली भरा.

पावसाळ्यातल्या तारखांना मुंबईचा म्हणून एक खास धोका आहे. साचलेल्या पाण्यातून चालून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतुसंसर्गाचा ताप) होतो आणि लेप्टो किडनीवरच येतो. ऑपरेशन ठरलेल्या माणसाला अशा पाण्यातून नेऊच नका. जावं लागलंच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. ताप, जुलाब, उलट्या झाल्या तर त्या बऱ्या होऊन क्रिएटिनिन पुन्हा तपासल्याशिवाय ॲडमिट होऊ नका. आणि तापासाठी गल्लीतल्या दवाखान्यात अमिकासिन किंवा जेंटामायसिन या किडनीला बाधू शकणाऱ्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर "हृदयाचं ऑपरेशन आहे, किडनीचा रिपोर्ट असा आहे" एवढं आधी सांगा.

सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद.

आदल्या रात्रीचा उपास किती, हे विचारून घ्या. दिवसातली दुसरी केस असेल तर माणूस रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरडा राहतो. साधं पाणी कधीपर्यंत चालेल किंवा सलाइन लावणार का, एवढा एक प्रश्न पुरे.

पायरी ७: आयसीयूतली पाच मिनिटं

भेटीच्या वेळेत घरच्यांची नजर मॉनिटरवर खिळते. खाली, पलंगाच्या कडेला पाहा. कॅथेटरची नळी एका पारदर्शक कडक डबीत उतरते, तिच्यावर मिलीलिटरच्या बारीक रेघा असतात. दर तासाला सिस्टर वाकून रेघ वाचतात, तक्त्यात आकडा लिहितात आणि डबी खालच्या पिशवीत रिकामी करतात. किडनीबद्दलची सगळ्यात ताजी बातमी त्या डबीत असते.

हिशोब सोपा: वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिली. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, म्हणजे सहा छोटे चमचे. सलग सहा तास याच्या खाली राहिलं तर ती किडनीला इजा झाल्याची अधिकृत खूण मानली जाते. एखादा तास कमी आला म्हणून घाबरू नका.

पहिल्या काही तासांत लघवी धो धो येऊ शकते. मशीनच्या द्रवातलं मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध), थंड केलेलं शरीर, शुगर, अशी त्याची कारणं असतात. ती पाहून "किडनी एकदम मस्त" असं घरी कळवू नका. खरी परीक्षा त्या रात्रीपासून पुढे.

लघवी एकाएकी थांबली तर सिस्टर आधी नळी बघतात: पलंगाच्या दांड्याखाली दबलीय का, पिळली गेलीय का, गुठळीने तुंबलीय का. कारण इतकं साधं असू शकतं. नळीला आपण हात लावायचा नाही. दुसरं कारण गंभीर आहे. छातीतल्या ड्रेनमधून (साचलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारं रक्त अचानक बंद, दाब उतरतोय आणि लघवी नाही, असं तिन्ही एकत्र आलं तर हृदयाभोवती रक्त साचून ते आवळलं गेल्याची शंका येते. अशा वेळी रुग्णाला रात्री-अपरात्री पुन्हा थिएटरमध्ये नेतात. तेव्हा सहीसाठी घरचं कोणीतरी हॉस्पिटलच्या आवारात असायला हवं. पहिल्या रात्री सगळे मिळून कल्याण-विरारला परतू नका.

रक्ताचा रिपोर्ट मात्र उशिरा बोलतो. पहिल्या दिवशी शरीरात भरपूर द्रव असल्यामुळे क्रिएटिनिन पातळ होऊन आधीपेक्षाही कमी दिसू शकतं. खरी चढ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा आठवड्याच्या आत आधीच्या दीडपट झालं, की किडनीला इजा झाली असं जगभर धरतात. म्हणजे ०.९ चं १.२ झालं तरी ती इजाच. लॅबच्या कागदावर १.२ ला लाल खूण नसेल. तुमच्या खिशातल्या कागदावर ०.९ लिहिलेलं असेल, ते राउंडच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर काय करतात, आणि काय केल्याने उपयोग होत नाही

सरासरी रक्तदाब ६५ च्या वर, जुना ब्लडप्रेशरचा रुग्ण असेल तर त्याहून थोडा जास्त. हृदयाच्या पंपिंगला औषधांचा आधार. द्रव मोजून. शुगर १८० च्या आत. किडनीला बाधणारी औषधं बंद, अँटिबायोटिकची मात्रा किडनीच्या वेगाप्रमाणे. यात नवीन काही नाही, पण सगळं एकत्र आणि वेळेवर केलं तर फरक पडतो. जर्मनीतल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त धोक्याच्या २७६ रुग्णांवर हे पाहिलं गेलं. नेहमीच्या देखभालीत ७२ टक्के जणांच्या किडनीला इजा झाली, हा संच काटेकोरपणे पाळल्यावर ५५ टक्के. २०२४ साली साडेतीन हजार रुग्णांच्या अभ्यासात शिरेतून अमिनो आम्लं दिल्यावर हेच प्रमाण ३२ वरून २७ वर आलं. धोका जास्त असेल तर त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

"लॅसिक्स (लघवी वाढवणारं इंजेक्शन) देऊन लघवी सुरू करा" असा आग्रह धरू नका. साचलेलं पाणी काढायला ते इंजेक्शन चांगलं, पण दुखावलेली किडनी त्याने बरी होत नाही. कमी मात्रेतलं डोपामिन "किडनीसाठी" देण्याची जुनी पद्धत निरुपयोगी ठरून मागे पडली.

डायलिसिसची वेळ आली तर

कारणं ठरलेली आहेत: औषधांनी न उतरणारं पोटॅशियम, फुप्फुसात भरलेलं पाणी, रक्तात वाढलेलं आम्ल, युरियामुळे आलेली गुंगी किंवा रक्तस्राव. यातलं काही नसताना केवळ क्रिएटिनिनचा आकडा बघून लवकर सुरू केल्याने जास्त लोक वाचत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांतून दिसलं आहे. म्हणून डॉक्टर "उद्यापर्यंत पाहू" म्हणाले तर तो निष्काळजीपणा नसतो.

मानेत किंवा जांघेत जाड नळी बसवतात. दाब डळमळीत असेल तर मशीन संथ, सहा-आठ तास किंवा दिवसभर चालवतात. खर्चाचा प्रश्न आधीच सोडवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपासही आहे आणि डायलिसिसही. योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. ॲडमिट होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा आणि "मध्येच डायलिसिस लागलं तर मंजुरी कशी घ्यायची" हे विचारून ठेवा.

घरच्यांना सगळ्यात जास्त छळतो तो प्रश्न: हे आता आयुष्यभराचं का? ऑपरेशनआधी किडनी बरी असेल आणि रुग्ण या आजारातून सावरला, तर बहुतेकांचं डायलिसिस काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुटतं. घरी गेल्यावरही काही दिवस बाहेर जाऊन डायलिसिस करावं लागलं, तर रोजची लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहा. ती वाढत असेल तर किडनी जागी होतेय. डायलिसिस सेंटरमध्ये हे कोणी विचारेलच असं नाही. तुम्ही सांगा.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्ड हातात घेतल्यावर आधी वाचा की किडनीला इजा झाली होती हे त्यावर लिहिलंय का, आणि शेवटचं क्रिएटिनिन किती. नसेल तर तिथेच लिहून मागा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती ओळ लागणार आहे.

भेटायला येणारे शहाळी आणतात. प्रेमाने आणतात, पण एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमहून जास्त पोटॅशियम असतं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर तेच हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. उलट लघवीच्या गोळ्यांवर असलेल्या आणि किडनी चांगली असलेल्या माणसाचं पोटॅशियम कमीही असू शकतं, त्याला शहाळं चालेल. ताजा रिपोर्ट पाहून ठरवा. "लो सोडियम" मीठ मात्र विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. साधं मीठही कमीच: लोणचं, पापड, फरसाण, सुकट आणि सुके बोंबील काही महिने बाजूला.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर धाप लागली तर फोन करा. जुलाब-उलट्या लागल्या तरी त्याच दिवशी फोन करा आणि विचारा की रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि शुगरच्या कोणत्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या. शरीर कोरडं असताना त्याच गोळ्या किडनीला दुसऱ्यांदा बसवतात.

क्रिएटिनिन आणि पोटॅशियम डिस्चार्जनंतर आठवड्याभरात एकदा, मग डॉक्टर सांगतील तसं. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, तिन्ही एकत्र. तेव्हाही ईजीएफआर ६० च्या खाली असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील तर तो किडनीचा कायमचा आजार धरला जातो. मग नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, नियमित जाणं सुरू करायचं, आणि तीन महिन्यांचे हे आकडे पायरी १ च्या त्याच कागदावर, पुढच्या ओळीत.